मुकी कळ

मंगळवारी रात्री साडेनऊनंतर
मॅकनर्नींच्या पबात, मागच्या कोपऱ्यात ती माणसं जमतात.
स्टेज नाही, माईक नाही.
टेबलावर अर्धे ग्लास, राळेची डबी, कुणाचा तरी चष्मा,
आणि कुठली खुर्ची कुणाची
हे कधीच कुणी न सांगता ठरलेलं.

अठरा मंगळवार मी बारपाशीच बसले.
पेटी स्टुलाखाली, पायामागे,
जणू कुणाच्या घरून न विचारता उचलून आणलेली.
दिवसा मी दुधाचा टँकर चालवते.
दगडी बांधांमधल्या चिंचोळ्या रस्त्यावर
समोरून ट्रॅक्टर आला
तर मागे कोण घेणार, हे मला नजरेवरून कळतं.
इथे मात्र कळेना
कधी शिरायचं.
एक रील संपता संपता दुसरी तिच्या पाठीवर चढलेली,
मध्ये श्वास घ्यायलाही फट नाही.
एकदा एक पाहुणा कातड्याचं बौरान घेऊन आला,
आल्या आल्या बडवू लागला.
आट्रॅक्टाने बासरी न थांबवता
फक्त एक भुवई उचलली.
ती भुवई मी घरी घेऊन गेले, पुढचे तीन मंगळवार.

मग परवा सेनन, फिडलच्या खुंट्या पिळत,
माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"त्या पेटीला पाय फुटायची वाट बघतेस काय?"

कॉन्सर्टिना फ्लॅननची. माझा थोरला भाऊ.
तो गेला त्याला दोन हिवाळे झाले.
उजवीकडची एक कळ मुकी होती तिची,
दाबली तर नुसता वारा.
मी ती दुरुस्त करून आणली.
कारागिराने चाळीस युरो घेतले, म्हणाला,
आता सगळ्या बोलतात.

मला येते ती एकच.
"नाव काय हिचं?" आट्रॅक्टाच्या नातवाने विचारलं.
नाव नाही. फ्लॅनन वाजवायचा, ती.
तेवढं पुरलं. दुसऱ्या ओळीला सगळे आत आले,
आणि मी एकटी वाजवत नव्हते,
टँकर उताराला लागावा तसं झालं,
ब्रेकवर पाय ठेवायचं भान तेवढं राहिलं.

आणि दुसऱ्या भागात, वळणावर,
सगळे थबकले, पाव मात्रा,
तिथे माझा सूर एकटाच वाजला.
जेवताना सगळे गप्प व्हावेत
आणि आपलाच चमचा बशीवर आपटावा, तसा.

चुकले, वाटलं.
पुढच्या फेरीला पुन्हा तीच जागा,
पुन्हा माझा चमचा.
तेव्हा पोटात काहीतरी हललं.
तीस वर्षं तो त्या मुक्या कळीवरून उडी मारून गेला होता,
आणि ही माणसं त्याच्याकडून शिकली होती.
भोकासकट उचलली होती त्यांनी ती.
हा नातूसुद्धा, ज्याने त्याला पाहिलेलंही नाही,
बरोबर तिथेच उडी मारत होता.

तिसऱ्या फेरीला मी बोट उचललं.
आणि नेमका त्याच क्षणी
सेननने तो सूर लावला. मला सोबत म्हणून.
चिंचोळ्या रस्त्यात
दोघांनीही गाडी मागे घ्यावी, तसं.

आट्रॅक्टा बासरीतच हसली, सूर फाटला.
रील संपली. टाळ्या नाहीत, इथे वाजवत नाहीत.
सेननने ग्लासातला फेस मिशीवरून पुसला.
"आता बरोबर कुठली गं?"
मी म्हटलं, मला काय विचारता.
"बरं," तो म्हणाला, आणि पुढची सुरू केली,
मला न येणारी.

मी बसून राहिले. उठायला कुणी सांगितलं नाही.

रात्री गाडीत पेटी शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला.
चौरस्त्यावर, इंजिन बंद करून,
अंधारात ती कळ एकदा दाबून पाहिली.
बोलते.